आपल्याकडे न चालणारे पाच पदार्थ

मला सहावा महिना लागला तेव्हा मी काय खाऊ शकते हे एका हाताच्या बोटांवर मोजता येत होतं, आणि मोजून एक बोट उरत होतं. भात, तूप, मुगाचं वरण, दूध. दूधही साय काढून, कारण साय जड. लढाईचे दिवस होते. तांदूळ रेशनवर, आणि नेवाशाच्या दुकानात तो आला अशी बातमी येईपर्यंत संपलेला असे. बाजरी मात्र मिळे. बाजरी उष्ण. म्हणजे जे चालत होतं ते मिळत नव्हतं आणि जे मिळत होतं ते चालत नव्हतं. याला आमच्याकडे गर्भारशीची काळजी घेणं म्हणत.

यावरून कुणाला वाटेल की मला सासुरवास होता. तसं नव्हतं. घरात माणसं तीनच: सासूबाई, हे आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. हे मराठी शाळेत मास्तर. सासूबाई मला कधी टाकून बोलल्या नाहीत. खरं म्हणजे त्या बोलतच फार कमी. ज्या घरात सासू दिवसभर बोलते तिथल्या सुनेला निदान कळतं तरी, आज कशावरून बिनसलंय. मला अंदाज बांधावे लागत आणि मला अंदाज बांधायचा कंटाळा. राग मात्र लवकर येई. तो अजूनही येतो.

ही माझी दुसरी खेप होती. पहिली चौथ्या महिन्यातच संपली होती. त्यामुळे या वेळी मूल राहायला हवं, एवढी एकच गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात होती. माझ्याही. खाण्यावरून मी वरवर कितीही फणकारले, तरी रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी पोटावर हात ठेवून बघत असे, आहे ना म्हणून.

दिवस राहिल्याची बातमी आळीत पसरली तशा बायका भेटायला येऊ लागल्या. आलेली बाई रिकाम्या हातानं येई आणि जाताना माझ्या ताटातला एक पदार्थ घेऊन जाई. पहिलीनं पपई नेली. पपई मी आयुष्यात दोनदा खाल्ली होती आणि दोन्ही वेळा मला ती आवडली नव्हती, तेव्हा तिचं मी काही मनाला लावून घेतलं नाही. दुसरीनं तीळ नेले आणि जाता जाता गूळही नेला. संक्रांत तोंडावर आली होती. तिसरीनं हुलग्याची शेंगोळी नेली. हा घाव मात्र वर्मी बसला. थंडीत गरम शेंगोळ्यांची वाटी नाही तर ती थंडी काय कामाची, अशा मुलखात मी वाढले होते. चौथी म्हणाली, जुळं केळं खाऊ नकोस, जुळी होतील. आमच्याकडे एकटं केळंसुद्धा एकादशीलाच येई. वांगं गेलं, कारण मुलाच्या अंगाला खाज सुटते. एक बाई म्हणाल्या, गर्भारशीनं भोपळा खावा, पण चिरू नये. दुसऱ्या म्हणाल्या, चिरायला हरकत नाही, खायचा मात्र नाही. दोघी आमच्या ओसरीवर अर्धा तास वाद घालत बसल्या. सासूबाईंनी दोघींना चहा दिला आणि दुसऱ्या दिवसापासून भोपळा आणणंच बंद केलं.

या सगळ्याला निदान कारणं होती. उष्ण, वातुळ, जड, खाज. पटोत न पटोत, सांगितली जात. पण चार पदार्थ असे होते की ते का चालत नाहीत हे कुणी सांगत नसे, आणि ते आळीत फक्त आमच्याच घरी चालत नसत. दोडका, हरभऱ्याचे ओले घाटे, बोरं आणि रताळं. शेजारची सून आठवड्यातून दोनदा दोडक्याची भाजी खाऊन सुखरूप बाळंत झाली होती. रताळं तर उपासाला सगळा गाव खाई. शिवाय हे चार पदार्थ नुसते गरोदरपणापुरते बंद नव्हते. सासूबाई ते स्वतः कधीच खात नसत. एकादशीला कुणी रताळ्याचा कीस पाठवला की ती वाटी न बोलता यांच्या पानापुढे सरके.

नवी होते तेव्हा मी विचारलं होतं, "दोडक्याचं काय?"

"आपल्याकडे चालत नाही," त्या म्हणाल्या.

मी समजले, कुळाचार असेल. कुठल्या घराला काय वर्ज्य असेल याचा नेम नसतो. माझ्या मामांकडे पापड लाटत नसत, कारण कोणी एक पणजी पापड लाटता लाटता गेली होती. पापड विकत आणून खायला तिची हरकत नसावी, कारण ते खात. तेव्हा दोडक्याचं मी पुन्हा विचारलं नाही.

या चारांत पाचवा पदार्थ माझ्यामुळे आला. पेरू.

माझं माहेर राहात्याचं. परसात पेरूची दोन झाडं होती. पहिल्या खेपेला मी दिवाळीसाठी माहेरी गेले तेव्हा तिसरा सरून चौथा लागला होता, आणि आठ दिवस मी पेरूंवर होते असं म्हटलं तरी चालेल. तिखटमीठ लावून, नुसते, कच्चे, पिकलेले, पोपटानं अर्धा खाल्लेलासुद्धा. आई म्हणे, खोकला होईल. खोकला झाला नाही. भाऊबीज आटोपून मी सर्व्हिस मोटारीनं नेवाशाला परत आले, तेव्हाही पिशवीत डझनभर होते. पुढच्या आठवड्यात एका सकाळी सडा घालता घालता माझ्या पाठीतून कळ आली. दुपारपर्यंत सगळं आटोपलं होतं.

सुईण आली, आवरून गेली. चौथ्या महिन्यात गेलेलं मूल हे तेव्हा मूल धरतच नसत. त्याचं सुतक नाही, त्याला नाव नाही, त्याच्यासाठी कुणी भेटायला येत नाही. "राहिलं नाही," एवढं म्हणत, म्हणजे आलेला पाहुणा चहा न घेताच गेला असं काहीतरी. बायका म्हणाल्या, वय काय तुझं, पुन्हा राहील. हे शाळेत गेले, कारण शाळा होती. पाचव्या दिवशी न्हाऊन मी चुलीपुढे बसले. मूल का गेलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक असायला हवं असंही कुणाला वाटत नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी शेजारणीनं दोन पेरू आणून दिले. मी घ्यायला हात पुढे केला, तोच सासूबाई मागून म्हणाल्या, "पेरू आता आपल्याकडे चालत नाही." आणि ते दोन्ही पेरू त्यांनी शेजारणीच्या ओंजळीत परत ठेवले.

माझी कानशिलं तापली. त्या 'आता'चा अर्थ न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. पेरू खाऊन मी मूल घालवलं, असा निकाल लागला होता, आणि तोही मला न विचारता. त्या क्षणापर्यंत माझ्या मनात पेरूचं नावही आलं नव्हतं. त्यानंतर दुसरं काही येईना. पोपटाचा तो अर्धा खाल्ला नसता तर? की येताना पिशवीत आणलेले नडले? मी सासूबाईंशी भांडले नाही. मनातल्या मनात भांडले, सव्वा वर्ष, रोज, भाकऱ्या थापताना. भाकऱ्या फार पातळ होत. आल्यागेल्याला सासूबाई माझ्या भाकऱ्यांचं कौतुक सांगत.

यांची तऱ्हा वेगळी. हे ट्रेनिंग झालेले मास्तर, छापील कागदावर यांचा विश्वास. दुसऱ्या खेपेला शाळेत कुठलंसं सरकारी पत्रक आलं, गरोदर बायकांनी काय खावं याचं. ते यांनी जेवताना वाचून दाखवलं. पालेभाज्या, फळे, मोडाची कडधान्ये, दूध, शक्य असल्यास अंडी. 'अंडी' हा शब्द यांनी फार हळू वाचला, पण आमचं घर दोन खोल्यांचं होतं.

"हे कुणी लिहिलंय?" सासूबाईंनी वाढता वाढता विचारलं.

"सरकारनं."

"सरकारला दिवस गेलेत का?"

यांनी पत्रक उलटून मागची बाजू पाहिली. सासूबाई म्हणाल्या, "सरकारला म्हणावं, आधी तांदूळ दे आणि मग काय खायचं ते शिकव." पत्रकाची घडी झाली, ते पंचांगात गेलं, आणि पुढे मी ते लोणच्याच्या बरणीखाली पाहिलं. यांनी एक केलं: आपल्या वाटणीचा भात माझ्या पानात सरकवून स्वतः बाजरीची भाकरी खायला लागले. यांना बाजरी सोसत नसे. हे मला यांनी कधी सांगितलं नाही, ढेकरांवरून कळे.

आमच्याकडे दूध घालायला एक शेतकरीण येई. तिसगावकडचं माहेर, नेवाशाला दिलेली, नदीच्या अंगाला त्यांचं शेत. तिला सात झाली होती, त्यांतली पाच होती. एक दिवस दूध मापता मापता ती माझ्याकडे बघत राहिली.

"वैनी, लईच वाळल्या वो तुमी. खाता का न्हाई?"

"खाते की. भात."

"निस्ता भात? आन् भाकर?"

"बाजरी उष्ण असते."

ती हसली. "आमच्या तिकडं बाजरीबिगर काय पिकतच न्हाई. मंग बायांनी काय दगडं खावी? माझी समदी बाजरीवरच झाली. एक तर खुरपता खुरपता वावरातच झालं."

"आणि दोन गेली ती?"

मी असं विचारायला नको होतं. भुकेलं माणूस काहीही बोलून जातं. तिनं माप तसंच धरून ठेवलं.

"ती गेली," ती म्हणाली. "त्याला भाकर काय करनार?"

मग तिनं मापावर थोडं जास्तीचं दूध ओतलं आणि गेली. मला तिचा हेवा वाटला. कुठलीही गोष्ट स्वतःवर ओढून न घेता एवढं सरळ म्हणता यावं, असं मला फार वाटलं.

संक्रांतीनंतर राहात्याहून ओळखीचे एक गृहस्थ आले. आईनं त्यांच्याबरोबर पेरूंची करंडी पाठवली होती. आमच्या घरातला नवा नियम आईला माहीत नव्हता. मी तो कळवला नव्हता. कळवणार तरी काय? सासूबाईंनी करंडीवरचं गवत बाजूला केलं. दोन्ही खोल्यांत वास भरून गेला. त्यांनी करंडी कमरेवर घेतली आणि आळीत घरोघर जाऊन शेवटच्या पेरूपर्यंत वाटून आल्या. मला एका शब्दानं विचारलं नाही. परत येऊन रिकामी करंडी धुतली आणि उन्हात पालथी घातली.

मी ते खाणार नव्हतेच. खरं सांगायचं तर मला पेरूची भीती बसली होती. पण मी खाणार नाही हे मी ठरवणं वेगळं आणि माझ्या आईनं पाठवलेली करंडी माझ्या डोळ्यांदेखत आळीभर वाटणं वेगळं. माझं डोकं सणकलं ते संध्याकाळपर्यंत सणकलेलंच राहिलं. यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. यांना ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई नदीवर गेल्या असताना दूधवाली आली. म्हणाली, "वैनी, हरबरा भरलाय. आज वावरात हुळा भाजायचाय. येता का? हितंच तर हाय."

हुळा म्हणजे ओला हरभरा झाडासकट काटक्यांवर भाजायचा आणि काळे पडलेले घाटे फोडून गरम गरम दाणे खायचे. घाटे हा सासूबाईंच्या चारांतला पदार्थ. हे मी विसरले होते असं नाही. म्हणून तर गेले. तुमच्या न चालण्यातलं काहीतरी मी खाऊन दाखवते, असा माझा हिशेब होता. दाखवणार कुणाला, हे ठरलं नव्हतं, कारण सासूबाईंना कळू द्यायचं नव्हतं.

वावराच्या कडेला बसून मी घाटे खाल्ले. किती, ते मोजले नाहीत. सहा महिने भातावर ठेवलेल्या बाईपुढे भाजलेला हरभरा आणि मीठ ठेवलं की ती मोजत नाही. दूधवाली एक झुडूप संपलं की दुसरं जाळावर टाकी आणि "खावा, खावा" म्हणे. माझे हात काळे झाले, ओठ काळे झाले. मला फार आनंद झाला. त्या सबंध सहा महिन्यांत पोट भरलं असं मला त्याच दिवशी पहिल्यांदा वाटलं.

घरी येऊन हात राखेनं घासले तरी नखांतली काजळी जाईना. खाई त्याला खवखवे. मी हात पदराखाली घेऊनच वावरत होते. सासूबाईंनी काही विचारलं नाही. दुपारी त्या वाती वळत बसल्या होत्या आणि मी समोर तांदूळ निवडत होते, तेव्हा माझ्या पोटात कळ आली.

मी म्हटलं, नसेल. मग दुसरी आली. सूप बाजूला ठेवून मी भिंतीला टेकले. या वेळी माझ्यावर कुणी ठपका ठेवण्याची गरज नव्हती, मीच ठेवला. पेरूच्या वेळी मला निदान माहीत नव्हतं. या वेळी माहीत असून, नुसत्या रागापायी, एका करंडीपायी मी हे केलं होतं. तिसरी कळ आली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "सासूबाई, मी हुळा खाल्ला."

त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला. मला वाटलं, आता बोलतील. त्या जवळ येऊन बसल्या.

"कळ पाठीतून पुढे येतेय, की पोटातच फिरतेय?"

"पोटात. वरच्या अंगाला."

"पोट कडक होतं आणि मग सैल पडतं, असं होतंय का?"

"नाही."

"अंगावरून काही?"

"नाही."

त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटून बसल्या. बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "वारा धरलाय. मूल ठीक आहे, आत्ताच हललं. सहा महिने मऊ भात खाऊन एकदम वावरभर हरभरा खाल्लास, मग दुसरं काय होणार?"

त्या उठल्या, हिंग कोमट पाण्यात कालवून आणला आणि माझ्या बेंबीभोवती लावला. हिंग उष्ण म्हणून तीन महिने आमच्या फोडणीतून हद्दपार होता. बाहेरून लावलेला चालतो, असं त्या दिवशी निघालं.

"तुम्हाला कसं हो इतकं नक्की कळतं?" मी विचारलं. भीती थोडी उतरली होती.

"दुसऱ्या तऱ्हेची कळ कशी असते ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "घाटे माझ्या दुसऱ्या वेळचे."

मला कळलं नाही. त्यांच्या आधीच्या खेपा टिकल्या नव्हत्या, एवढं मी उडत उडत ऐकून होते. किती, कधी, हे त्या घरात कुणी बोलत नसे. त्यांनी उजवा हात माझ्या पोटावरच ठेवला आणि डाव्या हाताची बोटं मिटायला सुरुवात केली.

"दोडका पहिल्याचा. तिसरा महिना होता. आदल्या दिवशी दोडक्याची भाजी केली होती. घाटे दुसऱ्याचे. पाचवा लागला होता, माझ्या सासूबाईंनी कौतुकानं सोलून दिले होते. बोरं तिसऱ्याची, तेही पाचव्यातच. रताळं चौथीचं. ती पुऱ्या दिवसांची झाली. नऊ दिवस होती. बारशाच्या आत गेली." चार बोटं मिटली. "मग हा. याचं नाक टोचलं आणि नाव दगडाधोंड्यांतलं ठेवलं म्हणून राहिला, असं सगळे म्हणतात."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मी तोवर वरणभाताखेरीज काही खायचीच बंद झाले होते."

मी त्यांच्या मिटलेल्या बोटांकडे बघत होते. "दोडक्यामुळेच गेलं, असं तुम्हाला वाटतं?"

"पहिल्यांदा वाटायचं. काहीतरी वाटून घ्यावंच लागतं." त्या म्हणाल्या, "नंतर नाही वाटलं. दोडका खाऊन सगळ्या गावाची बाळंतपणं होतात, ते मला दिसत नाही का?"

"मग तुम्ही अजून का खात नाही?"

त्यांनी माझा पदर सारखा केला. "त्यांचं दुसरं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "नाव नाही. तिथी नाही. कुणी पान वाढत नाही त्यांचं. बाजारात दोडका दिसला की मी म्हणते, हे पहिलं. मी दोडका खायला लागले तर मग कोण म्हणणार?"

मग त्यांनी राहिलेला अंगठा मिटला. "आणि पेरू."

"तो ठपका होता," मी म्हटलं.

"कुणावर?"

"माझ्यावर."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले होते. "ठपका ठेवायचा असता तर तोंडावर ठेवला असता. तुझं गेलं तेव्हा घरात कुणीच काही धरलं नाही. हा शाळेत गेला. तू पाचव्या दिवशी भाकऱ्या थापायला बसलीस, डोळ्याला टिपूस नाही. मी म्हटलं, आपण तरी धरावं."

मी रडले. सव्वा वर्षांपूर्वी जे रडायचं होतं ते सगळं त्या दुपारी रडले, तोंडात पदर न कोंबता, आळीला ऐकू जाईल असं. तेव्हा मी रडले नव्हते, कारण रडायचं कुणासाठी, हेच कुणी सांगितलं नव्हतं. मी पेरू खाऊन मूल घालवलं असं म्हणणारं त्या घरात एकच माणूस होतं, आणि ते मी होते. आणि ज्या बाईवर मी रोज भाकऱ्या थापत राग काढत होते, तिनं एकटीनं माझ्या मुलाला मूल धरलं होतं. मी हे त्यांना सांगायचा प्रयत्न केला. नीट सांगता आलं नाही.

"हळू," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा कळ येईल."

दिवेलागणीच्या सुमारास वारा सरला. हे शाळेतून आले तेव्हा आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो होतो, वातींचा कापूस खोलीभर झाला होता आणि चूल पेटली नव्हती. यांनी विचारलं, काय झालं. सासूबाई म्हणाल्या, काही नाही, हरभरा बाधला. यांना तेही खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या पानात बाजरीची भाकरी आली, वर तूप. आळीतल्या एक बाई आल्या तेव्हा सासूबाई त्यांना म्हणाल्या, "तिला आता सगळं चालतं." बाई जरा नाराज होऊन गेल्या, त्या बहुधा माझ्या ताटातली मेथी न्यायला आल्या होत्या. पुढच्या बाजाराला सासूबाईंनी दोडका आणला, माझ्यासाठी भाजी केली, आणि स्वतः ताकभात जेवल्या. मी म्हटलं, मग मलाही नको. त्या म्हणाल्या, "तुझं ते नाही. तुझं तू सांभाळ." तेव्हापासून मी पेरू खाल्लेला नाही. कुणी आग्रह केला तर आपल्याकडे चालत नाही म्हणते. लोक समजतात, कुळाचार असेल.

वैशाखात राहात्याला मला मुलगी झाली. सासूबाई बारशाला यायच्या होत्या, म्हणजे बाराव्या दिवशी. त्या नवव्याच दिवशी सकाळच्या मोटारीनं दारात उभ्या राहिल्या. आई गोंधळली, विहीण यायची म्हणून घर सारवायचं होतं, ते राहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, असू दे. हातपाय धुऊन त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं ते दिवसभर खाली ठेवलं नाही. मी पाजायला घेई तेव्हा त्या बाजेशेजारी उभ्या राहत आणि पाजून झालं की हात पुढे करत. जेवायला उठल्या नाहीत. दहावा दिवस उजाडला तेव्हा त्यांनी मुलीला माझ्या कुशीत दिलं, आडव्या झाल्या आणि दुपारपर्यंत झोपल्या. आई म्हणाली, प्रवासानं थकल्या असतील.

बारशाला घर बायकांनी भरलं होतं. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. सासूबाई पाळण्याशेजारी दोरी धरून बसल्या होत्या. राहात्याच्या एका बाईंनी कौतुकानं विचारलं, "आजीबाई, पहिलंच ना नातवंड?"

"दुसरं," सासूबाई म्हणाल्या.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. वय झालं की होतं असं, अशा अर्थानं कुणीतरी मान हलवली. आईनं वाकून हलकेच दुरुस्ती केली, "पहिलंच हो, विहीणबाई."

सासूबाईंनी पाळण्याला झोका दिला. "दुसरं," त्या म्हणाल्या.